चौथ्या रविवारचा प्रश्न

भूगावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्याचा वर्ग निरंजन भांबळसर घेत. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले, तरी फळा काही सुटला नव्हता. पूर्वी उमेदवारांनी प्रश्नोत्तरे घोकायची आणि पाळकांपुढे घडाघडा म्हणून दाखवायची, एवढाच वर्ग असे. सरांना ती पोपटपंची वाटे. पाळकांची समजूत घालून त्यांनी नवी रचना आणली. आपण कोठून आलो, जगात बिघडले काय, ते सावरणार कोण आणि शेवटी आपण जाणार कोठे? दर रविवारी एक प्रश्न. "हे प्रश्न प्रत्येकाच्या उशाशी असतातच," ते म्हणत, "आपण त्यांना फक्त रांगेत उभे करायचे."

त्या वर्गात साधना बसत असे. ती मुठा गावच्या हैबतरावांची लेक. ऋषिकेशशी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली. नवऱ्याने कधी आग्रह धरला नव्हता. ती आपणहून आली होती. दुसऱ्या रविवारच्या तोंडावर तिची आई, रत्नाबाई, वारली. तरीही साधना वर्गाला हजर झाली. सर फळ्यावर 'जगात बिघडले काय?' असे लिहीत असताना तिने विचारले,

"सर, माझी आई आता कुठे असेल?"

सर वळले आणि अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, "तो चौथ्या रविवारचा प्रश्न आहे. आधी हा पुरा करू. क्रम मोडला की गोंधळ होतो."

साधनाने मान हलवली, पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

घरी जेवताना सरांनी हे पत्नीला सांगितले. अनसूयाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या शाळेला आग लागली असती, तरी सुटीची घंटा तुम्ही वेळेवरच दिली असतीत."

रत्नाबाईंच्या दहाव्याला ते एकटेच मुठ्याला गेले.

नदीकाठी विधी सांगणाऱ्या गुरुजींनी पिंड मांडला होता. उंबरावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. साधनाचा भाऊ कैलास हात जोडून आईला एकेक वचन देत होता. गाय विकणार नाही. बापाला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मग तो बहिणीकडे वळला.

"साधे, तुज्यातच जीव आडकलाय तिचा. त्या वर्गाला जानार न्हाई म्हून सांग तिला. न्हाईतर हितंच घुटमळंल ती."

साधनाने दूर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिले. सरांपाशी उत्तर तयार होते. मेलेल्याचा जीव असा अडकत नाही, हे ते तीन मुद्द्यांत मांडू शकले असते, आणि तिन्ही मुद्दे बिनचूक ठरले असते. पण ते बोलणे तिच्यासाठी असेल की आपल्या वर्गासाठी, हे त्यांचे त्यांनाच उमगेना.

"आये," साधना पिंडासमोर बसून म्हणाली, "तुला खोटं कदी चाललं न्हाई. माजं अजून काईच ठरल्यालं न्हाई. मग कसलं वचन देऊ तुला?"

कावळे तरीही बसूनच राहिले. कैलास पुन्हा तोंड उघडणार, तोच दगडावर बसलेले हैबतराव म्हणाले, "बास झालं. तुजी आय जिती व्हती तवाबी कुनी घाई केल्याली तिला खपत नव्हती. गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी दर्भाचा कावळा वळून पिंडाला शिववला. माणसे उठून पाण्याकडे गेली. साधना मात्र चढण चढून सरांपाशी आली.

"चौथ्या रविवारी काय सांगणार होतात, सर?"

"फळ्यावर दोन बाण काढतो. एक वर जाणारा, एक खाली."

"त्यातला माझ्या आईचा कुठला?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, एवढे मी खात्रीने सांगेन. तुमची आई कोठे आहे, हे मला ठाऊक नाही."

"मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"



"साधे, बा थांबलाय गं," कैलासने खालून हाक दिली. ती उतरून गेली.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले. चौथा प्रश्न पहिल्या रविवारी घेतला तर? त्यांनी मनातल्या मनात ती रांग वारंवार उलटसुलट लावून पाहिली. प्रश्न कोठेही ठेवला, तरी बाकावर कोणाचे ना कोणाचे माणूस नुकतेच गेलेले असणार, आणि त्याच्यापुढे ते दोन बाण काढायला त्यांचा हात आता उचलणार नव्हता. बाण नाहीत, तर मग काय काढायचे? आणि काहीच काढायचे नसेल, तर वर्ग घेणारे आपण कोण?

भूगाव आले. येत्या रविवारी साधना येणार की नाही, हे विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. आपणच जावे की नाही, हेही उतरेपर्यंत ठरले नव्हते.