जरा उजळ काढ

परळच्या आमच्या चाळीत मी डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढायला लागलो, तेव्हा शेजारणी एकच सांगायच्या, "जरा उजळ काढ रे." मग मी एक्स्पोजर वाढवून जास्त उजेड आत घ्यायचो आणि सावळे चेहरे गोरे व्हायचे. गॅलरीतल्या उन्हात आईचा फोटोही तसाच काढला. तिच्या कपाळावरचं गोंदण त्यात उडालं.

ती गेल्यावर फ्रेमसाठी नेमका तेवढाच फोटो सापडला. कॉम्प्युटरवर कितीही गडद केला तरी कपाळ राखाडी झालं, गोंदण काही आलं नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर उजेडाने एकदा भरला की पुढचं काही टिपतच नाही.

भेटायला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, "किती गोरी दिसते!" जन्मभर तिला काळी म्हणणाऱ्या याच. आणि त्यांचं ऐकून तिला पुसणारा मी.