ज्ञानबाची घोंगडी

मायाक्काच्या छातीत शिट्टी वाजायची. पहाटे कूस बदलली की बारीक, पाण्याची घागर उचलली की मोठी. मंगळवेढ्याकडच्या तिच्या गावात जावा चेष्टा करायच्या, “मेंढरं वळायला हिला तोंड उघडावं लागत न्हाय, शिट्टी आतच हाय की.” तीही हसायची. हसता हसता धाप लागायची आणि मग कुणीच हसायचं नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला दम असा कोंडला, की नवऱ्यानं, ज्ञानबानं, तिला सोलापुरात लेकाकडं आणून ठेवलं. लेक धनाजी टॉवेलचा टेम्पो चालवतो. आज हैदराबाद, उद्या आणखी कुठं. अक्कलकोट रोडला सरोजिनीकाकूंच्या घरामागं त्याची एक खोली आहे. तिथं मायाक्का एकटी. जन्म सारा उघड्या रानात गेलेला, भोवती मेंढरं, कोकरं, कुत्री, माणसं. इथं दार लावलं की सोबतीला लांबून येणारा यंत्रमागांचा खडखडाट तेवढा. भाकरी एकाच माणसाची थापायची तर पीठ किती घ्यावं, याचा अंदाजच तिला येईना. रोज एक भाकरी उरायची आणि ती द्यायला कुत्रंही नसायचं.

परत जाताना ज्ञानबानं आपली घोंगडी तिच्या हातात दिली होती. म्हणाला, “शेरात गारठा नसंल. पर असू दे.”

तिचा सगळा जीव दिवाळीत अडकला होता. दिवाळी झाली की कळप निघतो, करकंब, माढ्याकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. तेव्हा आपणही जायचं. काय वाटेल ते होवो, जायचंच.

सरकारी दवाखान्यातल्या भार्गवी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मावशी, मेंढ्या सोडून आलात. आता घरात कुत्रं, मांजर, कोंबडी?”

“न्हाय बाई. एक पाल हाय.”

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, “तुमचं कुत्रं वाटसरूवर भुंकतं का?”

“नवा असला तर भुकतंय की.”

“तसंच आहे हे. मेंढीच्या लोकरीतला बारीक कोंडा नाकातून आत गेला की तुमचं शरीर त्याला लांडगा समजतं. आतल्या आत रसायनं सुटतात. ती श्वासाच्या नळीला भिडली की नळी आवळते, सुजते, चिकटा साचतो. ही रात्रीची गोळी त्यातल्या एका रसायनाची वाट अडवते. ते सुटलं तरी नळीला भिडत नाही.”

“म्हंजी कुत्रं भुकतंय, पर मेंढरं बिथरत न्हाईत.”

“अगदी. पण गोळी रोज घ्यायची, आणि हा सकाळ-संध्याकाळचा पंपही. दम लागल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, त्याला हा दुसरा निळा पंप.”

मायाक्कानं सगळं नेमानं केलं. देवाला दिवा लावावा तशी गोळी घेतली. दिवसाचा दम खूपच कमी झाला. पण पहाटेची शिट्टी काही जाईना. डॉक्टर कोड्यात पडल्या. मेंढ्या नाहीत, मग पहाटे कशानं?

मायाक्का मात्र मनातून हरखली. मेंढरं जवळ नसताना शिट्टी वाजते, तर मेंढरांचा काय गुन्हा? तिनं ज्ञानबाला फोनवर सांगून टाकलं, “दिवाळी झाली की न्यायला या.”

घोंगडीचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं म्हणून नव्हे. मेंढरू ते मेंढरू. घोंगडी म्हणजे देवाची बैठक. दर रविवारी ती तिची घडी अंथरायची, तीवर बिरोबाचा टाक ठेवायची, भंडारा वाहायची. आणि रात्री तीच तोंडावरून घेऊन झोपायची. घोंगडीला रानाचा वास होता. ज्ञानबाचाही.

एका रविवारी ती दारात उन्हाला घोंगडी झटकत होती, तोच सरोजिनीकाकू प्रसादाची वाटी घेऊन आल्या. आल्या आणि शिंकल्या.

“अगं बाई, केवढी लोकर उडतेय मायाक्का! बघ तरी उन्हात.”

मायाक्कानं पाहिलं. उन्हाच्या तिरिपेत बारीक तूस तरंगत होतं. तिचे हात तसेच थांबले.

“काय झालं गं?”

“काय न्हाय काकू.”

तिला कळलं होतं. आता घोंगडी अंगावर ठेवली, तर शिट्टी वाजत राहील आणि मेंढरं निर्दोष ठरतील. बाजूला केली आणि शिट्टी थांबली, तर मेंढरांवरचा आळ खरा ठरेल आणि करकंबची वाट बंद. बरं वाटणं म्हणजेच अडकून पडणं. ती टाकापुढं बसून राहिली. गप्प बसून भागलं असतं, डॉक्टरला कुठं ठाऊक होतं? पण देवापुढं लपवायचं तरी कसं? देव तर त्याच घोंगडीवर बसलेला.

तिनं टाक उचलून पाटावर मांडला. घोंगडी पिशवीत बांधली आणि काकूंच्या माळ्यावर ठेवायला दिली. काकूंनी सुती चादर दिली. “ही गरम पाण्यात धुता येते,” म्हणाल्या. चादरीला साबणाचा वास होता, दुसरा कुणाचाच नाही.

शिट्टी बारीक होत गेली. मग एका पहाटे वाजलीच नाही.

डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली. काटा वर गेला. “काय केलंत मावशी?” मायाक्कानं खरं ते सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा आधी खुलला, मग उतरला. “मग कळपात राहणं नको. गोळी एक वाट अडवते, सगळ्या नाही.”

“ठाव हाय,” मायाक्का म्हणाली.

दिवाळी सरल्यावर ज्ञानबा आला. नवा पटका बांधून, तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “आवरलंस का? घोडं उद्या लादायचं.”

मायाक्कानं माळ्यावरून काढलेली पिशवी लांबूनच पुढं सरकवली.

“ही न्या. म्या येत न्हाय.”

त्यानं पिशवीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. काकूंनी त्याला आधीच गाठून सगळं सांगितलं होतं, पण पुरुषमाणूस, ऐकूनही आशेनं आलेला.

“दोन दोन घोंगड्या म्या काय करू?”

“एक आंथरा, एक पांघरा. माढ्याकडं गारठा लई असतुया.”

त्यानं चहा घेतला तो दारातच. बांगड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि पिशवी खांद्याला मारून निघाला. कोपऱ्यावर वळेतो ती पाहत उभी होती.

मग तिनं दार लावलं, खोल श्वास घेतला. कुठंही अडला नाही. खोलीत काहीच वाजलं नाही, तिच्या छातीतसुद्धा. ती परातीपाशी बसली आणि एकाच भाकरीचं पीठ घेतलं. आता अंदाज चुकत नव्हता.