असं कोण बोलतंय?

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा नव्या कचेरीला टाइपिस्ट हव्या होत्या. मी नांदेडहून आले. कचेरीत टेबलं कमी आणि माणसं जास्त. दुष्काळामुळे दिवसभर एकच मजकूर टाइप करायचे: अमुक गावास टँकर मंजूर. जेवणाच्या सुट्टीत प्रेमकथा टाइप करायचे.

नांदेडच्या एका साप्ताहिकात त्या छापून यायच्या. नायक गोदावरीच्या घाटावर उभा राहून नायिकेला लांबलचक वाक्यं ऐकवायचा. प्रेमाचा मला अनुभव नव्हता. पण तो लागतो असं कुणी सांगितलंही नव्हतं.

समोरच्या टेबलावर आवक-जावक बघणारा कारकून बसायचा. औशाहून रोज एसटीनं यायचा. एकदा टँकरच्या यादीबरोबर माझ्या कथेचं पान चुकून त्याच्याकडे गेलं. त्यानं ते शांतपणे वाचलं, आवक क्रमांक टाकला नाही एवढे उपकार केले, आणि परत आणून दिलं.

"बाई, असं कोण बोलतंय?"

"प्रेमात पडलेली माणसं."

"तुम्ही ऐकलंय?"

मी पान खणात सरकवलं.

"आन् ती कामून ऐकून घेते? तिला घरी काम न्हाई?"

पुढचे पंधरा दिवस मी त्याच्याशी जावक क्रमांकापुरतं बोलले.

मग पाणी बाधलं आणि मला कावीळ झाली. घरमालकीण ताकभात द्यायची, मी खोलीत पडून असायचे. दुसऱ्या आठवड्यात तो दारात येऊन उभा राहिला. हातात फळंबिळं काही नव्हती.

"तुमच्या मशीनवर कुणाला बसू दिलं न्हाई," तो म्हणाला. "लोकं लई जोरात ठोकतेत. 'र' आधीच ढिला हाय."

"मग टँकरची पत्रं?"

"हातानं लिहायलोय. कार्बन लावून."

रोजची पत्रं, प्रत्येकाच्या चार प्रती. त्याची बोटं निळी झाली होती. एसटी चुकेल म्हणून तो लगेच निघाला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. घरमालकिणीला वाटलं, कावीळ वाढली.

बरी झाल्यावर हे सगळं मी जसंच्या तसं कथेत लिहिलं. संपादकांनी कथा परत पाठवली: 'नायकाचे नायिकेवर प्रेम आहे, हे कोठेही स्पष्ट होत नाही.'

मी कथा आणि पत्र दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"बरोबर हाय त्यांचं. त्यानं सांगायला पायजे होतं."

"मग सांगू दे ना."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. हेडक्लार्क पानाला चुना लावत होते.

"रविवारी औशाला या. आईला समदं सांगितलंय. तिला बघायचंय तुम्हाला."

"आईला सांगितलं, आणि मला?"

"तुम्हाला सांगायची लई भीती वाटायलीय," तो म्हणाला. "तुम्ही लिहिता."

मी रविवारी गेले. त्याच्या आईनं भाकरी वाढली, माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून कावीळ गेल्याची खात्री केली आणि लेकाला म्हणाली, "बरी हाय."

ती कथा मी आणखी दोन ठिकाणी पाठवली. कुणीच छापली नाही. उन्हाळ्यातच आमचं लग्न झालं. पाहुण्यांनी आहेर आणू नये, घागरभर पाणी आणावं, असं सासूबाईंनी कळवलं होतं. सगळ्यांनी आणलं.