हौश्याचा विमा आणि पाठीवरची गोम

"डाग द्यायचा न्हाई," कोंडाबाई म्हणाली आणि बैलाच्या नि तापलेल्या डागणीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

डागणी माझ्याच हातात होती. बीडच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्याचं आवार माणसांनी भरून गेलं होतं. मधोमध हौश्या उभा. तांबडाबुंद अंग, वशिंड माझ्या डोक्याच्याही वर, आणि एवढ्या गर्दीकडे त्याचं अजिबात लक्ष नाही. त्याच्या कासऱ्याला त्याचा मालक भिवा धनगर, तेलगावचा. भिंतीच्या सावलीत विम्याचे एजंट आठल्ये, पुण्याहून आलेले, पायातले बूट शेणापासून जपत उभे. कोंडाबाई म्हणजे भिवाची बायको.

मी निजाम सरकारचा सलोतरी. सलोतरी म्हणजे जनावरांचा डॉक्टर. उभी नोकरी खुरं तासण्यात आणि अडलेल्या गाई सोडवण्यात गेली, पण त्या दिवसांत मला जेवणाची शुद्ध नव्हती, इतका मी हरखलो होतो. आमच्या जिल्ह्यातला बैल आगबोटीत बसून आफ्रिकेला, मोंबासाला निघाला होता. ज्या मुलखात रेल्वे बघायला माणसं जालन्याला जात, तिथला बैल दर्या ओलांडणार होता. याचा आनंद होणार नाही, तो सलोतरी कसला?

मोंबासाच्या एका कच्छी शेठला पैदाशीसाठी दख्खनचा वळू हवा होता. त्याच्या दलालानं नारायणगडच्या यात्रेत हौश्या पाहिला आणि जागेवर सौदा केला. अट एकच. बैल तिकडच्या धक्क्यावर जिवंत उतरला तरच पैसे. वाटेत मेला तर नुकसान भिवाचं. भिवानं बैलाबरोबर जायचं, त्याचं जाण्यायेण्याचं तिकीट शेठ देणार.

त्या पैशातून कोंडाबाईला तेलगावात जमिनीचा तुकडा घ्यायचा होता. लग्न झाल्यापासून ती मेंढरांमागे रानोमाळ फिरत होती. एका जागी चूल मांडावी, आणि ती पुन्हा उचलावी लागू नये, एवढंच तिचं मागणं. हौश्यासारखा दुसरा बैल घरात नव्हता. तो समुद्रात गेला असता तर जमीनही त्याच्याबरोबर गेली असती.

म्हणून मीच विम्याचं काढलं. आठल्ये बीडच्या वकिलांचे विमे उतरवायला आले होते, त्यांना गाठलं. विमा म्हणजे काय, हे भिवाला मी असं सांगितलं : कंपनीला आधी थोडे पैसे द्यायचे, त्याला प्रीमियम म्हणतात. बैल बोटीवर मेला तर कंपनी त्याची पूर्ण किंमत देते. सुखरूप पोचला तर प्रीमियम कंपनीचा. कंपनी काय देणार नि काय नाही, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं ती पॉलिसी.

कंपनीची अट होती की बैलाच्या मांडीवर डाग हवा. बोटीवर पुष्कळ जनावरं असतात. कुणाचं मरतुकडं मेलं आणि तोच माझा किमती बैल म्हणून कुणी पैसे मागितले, तर कंपनीनं ओळखायचं कसं? अट मला पटली होती. मी डागणी तापवलीसुद्धा.

आठल्ये पुढे झाले. "बाई, ही नुसती कंपनीची अक्षरं आहेत."

"माझा मालक जित्ता हाय," कोंडाबाई म्हणाली. "बैल कुणाच्या नावानं सोडायचा?"

आठल्यांना कळेना. आवारातल्या बाकी सगळ्यांना कळलं. आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या नावानं तरणा वळू सोडतात. सोडताना त्याच्या मांडीवर डाग देतात. मग तो कुणाचाच नसतो. त्याला कुणी औताला जुंपत नाही, कुणी विकत नाही, कुणी घेत नाही. भिवा दर्यावर निघालेला, आणि आम्ही त्याच्या बैलाला मेलेल्या माणसाचा डाग द्यायला बसलो होतो. मी डागणी पाण्यात बुडवली.

"मग विमा नाही," आठल्ये म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो. "फौजेतल्या घोड्यांची ओळख कशी लिहितात? अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून. तसं सर्टिफिकेट मी देतो. कंपनीला तार करा."

आठल्ये भला माणूस. त्यांनी लगेच तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चालेल. मात्र एकही खूण मुद्दाम लपवली असेल तर पॉलिसी रद्द. सर्टिफिकेटच्या तीन प्रती. एक कंपनीला, एक भिवाबरोबर बोटीवर, एक बैल घेणाऱ्याच्या मुंबईच्या पेढीवर.

मी उत्साहात बाह्या सारल्या आणि नाकापासून सुरुवात केली. मी सांगायचं, आठल्यांनी इंग्रजीत उतरवायचं. कपाळावर, डोळ्यांच्या मधोमध भोवरा. डाव्या शिंगाच्या बुडाशी खाच. गळ्याखाली भोवरा, उजवीकडे झुकलेला. असा मी मागे सरकत वशिंडापलीकडे पोचलो आणि माझी बोटं अडखळली.

तिथले केस बाकी अंगापेक्षा तोकडे होते. आणि त्या तोकड्या केसांत एक रेघ उलटी गेलेली बोटांना लागत होती.

"साहेब," भिवा हळूच म्हणाला, "तितं गोचीड झालतं. म्हून कातरलं."

"गोचीड झालं की केस उलटे उगवतात का रे?"

भिवानं मान खाली घातली.

ती गोम होती. केसांची अशी लांब रेघ गोमेसारखी दिसते म्हणून तिला गोम म्हणतात. गोमेचं तोंड शेपटीकडे असेल तर ती घर खाते, असा बैल दारात आला की घरधनी टिकत नाही, असं लोक मानतात. आमच्या शास्त्रात याला काही आधार नाही. पण बाजारात अशा बैलाचं दावंही कुणी धरत नाही. यात्रेत मी हौश्या पाहिला तेव्हा पाठीवर झूल होती. दलालानं झूल काढायला लावली होती खरी, पण तोवर भिवानं कात्री चालवली होती.

"तेवढं सोडा साहेब," भिवा म्हणाला.

"सोडलं तर पॉलिसी गेली."

"लिवलं तर सौदा गेला."

दोघांचंही बरोबर होतं. तिसरी प्रत शेठच्या पेढीवर जाणार होती.

आठल्ये लेखणी उगारून उभे. "काय अडलं?" मी सांगितलं तर ते हसले. "केसांच्या रेघेवरून सौदा मोडतो?"

"तुमच्याकडे पत्रिकेवरून लग्नं मोडतात की," मी म्हणालो. मग ते हसले नाहीत.

भिवानं कासरा हाताला गुंडाळला. "विमाच नगं मला. हौश्याला काय धाड भरलीय? मी संग हाय की."

मला राग आला. "तू संग आहेस म्हणून समुद्र गप बसणार आहे का? बैल गेला तर बायकोला काय सांगशील?"

बायको तिथेच होती. इतका वेळ ती हौश्याच्या पाठीवरच्या तोकड्या केसांवरून हात फिरवत होती. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "बोटीवर लई दिस जात्यात म्हनं. तवर केस वाढत्याल न्हवं?"

कोंडाबाईनं भिंतीशी ठेवलेलं त्याचं गाठोडं ओढलं, सोडलं आणि आतून मेंढरं कातरायची कात्री काढली.

"हे कावून घेतलंय? दर्यात मेंढरं हायत व्हय?"

आवारात हशा पिकला. मीही हसलो. भिवा कानापर्यंत लाल झाला.

"ऐका," ती म्हणाली. "बैल मेला तर विमा पायजे. जगला तर सौदा पायजे. मला दोनीबी पायजेत. तितं परमुलखात शेटनं गोम बघून बैल न्हाई घेतला, तर तुमी बैल घिऊन जानार कुटं? मोडायचा तर सौदा हितंच मोडू द्या. साहेब, लिवा. अन् शेटलाबी तार करा."

मी लिहायला सांगितलं. शेठच्या पेढीलाही तार केली. वशिंडामागे गोम आहे, चालेल का?

उत्तराची वाट बघत आम्ही बसलो असताना आमचे मोहतमीम साहेब आले. मोहतमीम म्हणजे आमच्या खात्याचे वरिष्ठ. माणूस हैद्राबादचा, पान खाणारा, दिलदार.

"क्या मियाँ, सुना बैल समंदर को जारा?"

"जी हुजूर. अभी तार पर अटका है."

"फिर तुम कायकू इतने खुश?"

"हुजूर, मेरे को भी बंबई तक जाना है. रजा होना."

साहेबांनी माझ्याकडे, मग हौश्याकडे पाहिलं. "बैल का बीमा, सलोतरी की रजा. मेरे को बी ले जाव." आणि खरोखरच रजा दिली.

पेढीची तार आली. गोमेचं तोंड कुठं? आम्ही कळवलं, शेपटीकडे. पुढची तार येईपर्यंत कोंडाबाईनं पाण्याला तोंड लावलं नाही. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी शिपाई तार घेऊन आला. शेठना चालेल, बैल पैदाशीला आहे, पण किंमत कमी होईल.

भिवानं कपाळाला हात लावला. आठल्ये मात्र आकडेमोड करून म्हणाले, "किंमत कमी, तर प्रीमियमही कमी."

"मंग गोमेनं पैलं काम केलं की," कोंडाबाई म्हणाली.

कंपनीला निजामाचा हाली सिक्का चालत नव्हता. भिवानं दोन मेंढे विकले, सराफाकडून इंग्रजी कलदार रुपये आणले आणि पॉलिसी हातात घेतली. तेलगावानं हौश्याला वाजतगाजत निरोप दिला. जालन्याला रेल्वेच्या डब्यात चढायला तो तयार नव्हता. भिवा आधी चढला, मग तोही चढला.

मुंबईच्या धक्क्यावरचं दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. हौश्याच्या पोटाखाली जाड कापडाची झोळी बांधली, वर यारीचा, म्हणजे माल उचलायच्या यंत्राचा, आकडा अडकवला, आणि आमचा तेलगावचा बैल चारी पाय मोकळे सोडून आभाळात गेला. जाताना तो एकदाच हंबरला. मी सरकारी नोकर, डोक्याला पगडी, आणि हात वर करून पोरासारखा ओरडत होतो. शेजारचा गोरा खलाशीही ओरडायला लागला. भिवा शिडीवरून धावत वर गेला. त्याच्या गाठोड्यात आता कात्री नव्हती. ती कोंडाबाईनं तेलगावात ठेवून घेतली होती.

बरेच महिने काही कळलं नाही. मग एके दुपारी भिवा दवाखान्यात आला तो अंगात कोट घालून. कोंडाबाई त्याच्या मागे, तोंडभर हसत.

"पोचला का रे?"

"पोचला साहेब. पर आईका तर खरं. दर्या लई खवळलता. बोटीवर दुसऱ्या येका व्यापाऱ्याचीबी तांबडी बैलं व्हती. त्यातली लई मेली, पान्यात टाकली. मोंबासाला उतारलो तर त्याच्या मानसानं हौश्याचा कासरा धरला. म्हनं ह्यो आमचा."

"मग?"

"माझी बोली कुनाला कळंना. मी नुस्ता बोंबलतोय. मंग बंदरावरला गोरा सलोतरी आला. तुमचा कागद वाचला. हौश्याच्या पाठीवर उन्हाचं गोनपाट टाकलं व्हतं, ते तसंच ठेवलं अन् त्या मानसाला खुनेनं इचारलं, ह्याच्या खाली काय हाय? त्यो मानूस म्हनला, काय न्हाई. मी खाली बसलो अन् मातीत बोटानं गोम काढली. तोंड शेपटीकडं."

"आणि गोणपाट काढल्यावर?"

"केस चांगले वाढलते साहेब. लांबून दिसंल अशी गोम. सलोतरी हसला अन् कासरा माझ्या हातात दिला." त्यानं डोळे पुसले. "म्या कातरली आसती तर बैल गेलता."

मी भिवाच्या पाठीवर थाप मारली.

हिशेब सांगायचा तर कंपनीनं भिवाला दमडी दिली नाही, कारण बैल मेला नाही. प्रीमियम पाण्यात गेला. पण त्या विम्यापायी भिवाला खरं लिहावं लागलं आणि त्याचा बैल त्याचाच राहिला. पुढे मला अनेकांनी विचारलं, विमा उतरवावा का? मी आधी विचारतो, लपवण्यासारखं काय आहे ते सांगा. निम्मे लोक तिथूनच परत जातात.

तेलगावची जमीन कोंडाबाईनं घेतली. ठरवली होती त्याहून थोडी कमी, पण घेतली. पुढच्या साली मी तिकडे गेलो तेव्हा तिनं नव्या घरासमोर बांधलेला हौश्याचा गोऱ्हा दाखवला. तसाच तांबडा.

"साहेब, ह्याला गोम हाय का बगा."

मी वासराच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत नीट हात फिरवला आणि आनंदानं सांगितलं, "नाही. एकदम निर्दोष आहे."

कोंडाबाईचा चेहरा पडला.

"न्हाई?" ती म्हणाली. "मंग ह्यो हरवला तर वळखायचा कसा?"