आक्कांच्या कॅबिनेटवरची गोधडी

मी गोधडी उचलली तेव्हा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला होता. मशीन आपोआप बंद झालं होतं.

"घातली तर बंद पडतंय, काढली तर गिरणीगत घरघर," शांताक्का म्हणाल्या. "पंखाच काढून टाका की, मॅडम."

"पंखा काढला तर प्रोसेसर जळेल, आक्का."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. काम करताना तो तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, त्याला आम्ही दुरुस्तीवाले हीटसिंक म्हणतो. पंखा त्या पात्यांतून वारा सोडतो. गोधडीमुळे आवाज दबला, पण वाराही कोंडला.

आक्कांचा मुलगा दीपक जर्मनीत नोकरीला. तीन वर्षांत घरी आला नव्हता. दर रविवारी दुपारी तो इंटरनेटवरून बोलायचा, कारण फोन परवडत नव्हता. माइकमधून त्याला पंख्याचीच घरघर जास्त ऐकू यायची. आक्का ओरडून बोलायच्या. ओरडून जेवलास का, बरा हायस का, एवढंच विचारता येतं. त्यामुळे बोलणं आखडत चाललं होतं. मागच्या रविवारी चार मिनिटांत संपलं.

माइक लांब नेऊन पाहिला, वायर पुरेना. शेवटी कॅबिनेट उघडलं. हीटसिंकच्या पात्यांत लाल-पिवळा थर बसला होता. पंख्याच्या मधोमध झेंडूची पाकळी.

"हे काय, आक्का?"

"खंडेनवमीला पुजलंय. आत देव आसतोय म्हणून झाकण काढून पुजलं. वर्साला एकदा."

तीन वर्षांचं हळदकुंकू होतं ते. वारा जायला वाट नव्हती, म्हणून पंखा जीव तोडून फिरत होता. ब्रशनं सगळं काढलं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते, ती वाळून खडू झाली होती. नवी लावली. छोटा पंखा काढून मोठा, सावकाश फिरणारा बसवला. मोठी पाती हळू फिरूनही तेवढाच वारा देतात. पत्रा थरथरू नये म्हणून स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले.

रविवारच होता; बारा वाजता दीपक लाइनवर आला. आक्का सवयीनं ओरडल्या, "जेवलास काय रं?"

"आई, हळू. ऐकू येतंय आता."

साध्या आवाजात त्याच्याशी काय बोलायचं, हे आक्कांना सुचेना. पदराशी चाळा करत बसल्या.

"काय करत हुतीस?" त्यानं विचारलं.

"भाकरी करायची हाय अजून."

"मग कर की. मी हाय हितंच."

आक्का शेजारच्या स्वयंपाकघरात गेल्या. स्टो पेटला. परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. लाइन तुटली असेल म्हणून मी स्क्रीन पाहिला. चालू होती. पाच भाकऱ्या झाल्या, तरी तो एक शब्द बोलला नाही.

"गेलास काय?" आतून आक्का.

"न्हाय. थाप तू."

मी तापमान पाहिलं. बावन्न डिग्री, व्यवस्थित. झाकण न लावताच मी पिशवी उचलली आणि पायांचा आवाज न करता बाहेर आले.

दीपक त्या वर्षी आला नाही, पुढच्याही नाही. मशीन मात्र चाललं. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं, की त्यांना ऐकायचं काय आहे, हे मी तेव्हापासून आधी विचारते. पंखा त्यानंतर निवडते.