अंगठ्याचं माप

“आधी मोजी का?”

बरणी घेऊन दारात येईल त्याला तो पहिलं हेच विचारायचा. नमस्कार नाही, ‘बस’ म्हणणं नाही. हातात पोलादी पट्टी, आणि पाय एका जागी ठरत नसत. ऑपरेशनात काढलेल्या गाठी धुळ्याला त्याच्या खोलीत तपासायला येत. तो त्या मोजून चिरायचा.

हिच्या छातीची गाठ घेऊन मी जळगावहून एसटीने गेलो. औषधाच्या वासाने शेजारचा उठून गेला. ऐसपैस जागा मिळाली, पण बसवत कुठे होतं! डॉक्टर म्हणाले होते, गाठ लहान भरली तर एवढ्यावर भागेल. मोठी भरली तर मुंबईला नेऊन यंत्राचा शेक द्यावा लागेल.

त्याने मोजली. लहान भरली. मी हसून हात जोडले.

“हासू नको, भाऊ. चार दिन औषधमा शे. मास आकसस.”

“मग खरी केवढी?”

“कापणाराले माहीत. कागदवर माप लिखेल नही.”

मला राग आला. म्हटलं, “लहान आहे तर लहान लिहा ना. तुमचं काय जातं?”

“मन्हं काही जात नही. तुन्ही बायको जाई.”

तो दोन फेऱ्या मारून आला. “तू देखी शे का ताजी?”

पाहिली होती. घरच्यांना दाखवतात तशी नर्सने ट्रे पुढे धरला होता. मी गवंडी, पट्टीआधी हात चालतो. शेजारी अंगठा धरला होता. टोकापासून मुळापर्यंत, बरोब्बर तेवढी.

त्याने माझा अंगठा टेबलावर दाबून पट्टी लावली. “हाऊ अंगठा आकसेल नही ना?” म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. कागदावर दोन मापं लिहिली: औषधातलं, आणि नवऱ्याने पाहिलेलं ताजं.

जळगावचे डॉक्टर चिडले. “अंगठ्याने गाठ मोजतात का?” पण चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मुंबईची चिठ्ठी दिली.

ही पुढे अकरा वर्षं माझ्याशी भांडली.

ती गेल्यावर त्याला सांगायला म्हणून धुळ्याला गेलो. तो तिच्याही आधी गेला होता. नव्या माणसाने विचारलं, “काय काम आहे, बाबा?” काम सांगता येईना. त्याने स्टूल दिलं, मी बसलो नाही. मिळेल ती एसटी धरली, आणि आमच्या पिंप्राळ्याच्या बऱ्याच अलीकडे उतरून चालत राहिलो. घरी लवकर पोचून बोलायचं कोणाशी?