पासष्टचा पोल

भोकरजवळच्या आमच्या गावात बांबूउडीसाठी बांबू निवडायची एकच रीत होती. दगडावर जोरात आपटायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आतून किडलेला म्हणून फेकून द्यायचा.

नांदेडच्या कॉलेजात फायबरचे दोन पोल होते. एकावर खेळाडूचं वजन पासष्ट किलो लिहिलेलं, दुसऱ्या ताठ पोलवर सत्तर. माझं वजन चौसष्ट. पासष्टचा लगेच वाकायचा. सत्तरच्यानं मात्र मला तीनदा उलटं धावपट्टीवर फेकलं होतं. एकदा तर दात ओठातून आरपार गेला.

"मऊ पोल लाड करतो, वर फेकत न्हाई," आमचे क्रीडाशिक्षक म्हणायचे. "उंच जायचंय तर ताठ घे."

घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. खेळामुळे, सरांच्या शब्दावर, मला वसतिगृहात जागा मिळाली होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तरच ती राहणार होती. नाहीतर शिक्षण सोडून गावी.

निवड चाचणी लातूरला झाली. चार मीटरची पट्टी ओलांडायची, तीन संधी. सत्तरच्या पोलनं दोन गेल्या. दोन्ही वेळा भीतीनं माझे हात ढिले पडले. सर पंचांशी बोलत होते. मी दोन्ही पोल मैदानाच्या कडेच्या दगडांकडे नेले आणि पासष्टचा आपटला. छान वाजला. सत्तरचा आपटायला उचलला तोच माझा नंबर पुकारला गेला. मी पासष्टचाच घेऊन पळालो.

पोल वाकला आणि बंदुकीसारखा फुटला. तुटलेलं टोक बरगडीवर बसलं, तळहात चिरला गेला, मी पाठीवर आदळलो. श्वास परत येईना. तोंडात रक्त होतं.

सर धावत आले. "फुटला कसा रे?"

"आपटून बघितला होता, सर. चांगला वाजला."

सगळ्या मैदानासमोर त्यांनी अशी मुस्काटात मारली की कान सुन्न झाला. "वेळू हाय का रे गाढवा तो? आपटून बारीक चीर पडली तरी फुटतो! मेला असतास!" ओरडता ओरडताच त्यांनी रुमाल फाडून माझा तळहात आवळून बांधला.

पोल मोडला तर ती उडी बाद धरत नाहीत. एक संधी उरली होती. सरांनी सत्तरचा हातात दिला. "मूठ चार बोटं खाली धर. आन् हात ढिले सोडलेस तर दुसरी खाशील."

रुमालातून रक्त पोलवर उतरत होतं. मी पळालो. पोल पट्टीखालच्या खोबणीत आदळला, खांदा निखळतो की काय असा हिसका बसला, बरगडीत कळ गेली. हात सोडले नाहीत. तो वाकला आणि त्यानं मला उचलून भिरकावलं.

गादीवर पडल्या पडल्या वर पाहिलं. पट्टी थरथरत होती, पण जागेवर होती. पोल मागे धावपट्टीकडे कलंडला होता. माझ्याकडे ढुंकूनही न बघता सर पळत आले आणि जमिनीला लागायच्या आत त्यांनी तो दोन्ही हातांत झेलला.